बांद्याच्या काठावरचा बाक

काही लोक परगावी गेले की देवळं बघतात, किल्ले बघतात. मी माणसं बघते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी नाक मुरडायला नको. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत बावीस वर्षं शिकवलं. परीक्षेत कुठल्या मुलीची मान कुणीकडे वळणार, ते ती वळायच्या आधी मला कळतं. त्यामुळे नव्या गावात पाऊल टाकलं की माझा पहिला शोध बसायच्या जागेचा. सावली हवी, पाठीला टेकायला काहीतरी हवं, समोरून माणसांची ये-जा हवी आणि 'तुम्ही इथं का बसलात' असं विचारणारं कुणी नको. यातली शेवटची अट कोकणात पुरी होत नाही, हे मला बांद्याला कळलं.

पण बांद्याला मी हौसेनं गेले नव्हते. माझ्या भावाची मुलगी सुमन. तिची आई लवकर गेली, मीच तिला वाढवली. लहानपणी ताप आला आणि त्यानंतर तिचा डावा पाय थोडा ओढायला लागला. मुलगी गुणाची, मॅट्रिक झालेली, शिवणात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण बघायला येणारे पोहे खायचे, मग म्हणायचे, "जरा चालून दाखव हं बाळ," आणि आठवड्यानं नकाराचं पत्र पाठवायचे. अशी तीन पत्रं घरात होती. मग बांद्याचं स्थळ आलं. एकुलता एक मुलगा श्रीधर, वडील नाहीत, आई आहे, नदीकाठी कापडाचं दुकान. पायाचं मध्यस्थानं आधीच सांगितलं होतं, त्यांची हरकत नव्हती. त्याच सुमारास सांगलीचंही एक स्थळ आलं आणि भावाचा कल सांगलीकडे. ती मंडळी पुढच्या बुधवारी घरी यायची होती. त्याच्या आत बांद्याचं हो की नाही ते ठरवायचं.

सुमन मला म्हणाली, "आत्या, मला बघायला इतकी माणसं येऊन गेली. आता माझ्या बाजूनं एकदा तू जाऊन बघून ये. दिसायला कसा आहे ते बघू नकोस. आपल्यापेक्षा दुबळं माणूस समोर आलं की तो कसा वागतो, तेवढं बघ. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही."

घ्या! म्हणजे पोरीचा सगळा जन्म माझ्या दोन डोळ्यांवर. मी शाळेत रजा टाकली आणि निघाले. ठरवलं असं की कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. चार-पाच दिवस गुपचूप बघायचं, भावाला पत्रानं कळवायचं आणि तसंच पुढे गोव्यात जाऊन दोन दिवस फिरून यायचं. गोवा मोकळा होऊन दुसरं वर्ष लागलं होतं आणि परवान्याशिवाय तिकडे जाता येतं याचं आम्हाला अजून अप्रूप होतं.

आंबोली उतरून

प्रवासाचं फार सांगत नाही. आंबोलीला गाडी थांबली तेव्हा चहा प्यायला उतरले आणि छत्री टपरीवरच्या बाकावर विसरले. ती आठवली सावंतवाडीला. ही छत्री लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

बांद्याला मी उतरले गुलाबकाकूंकडे. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या शांताबाईंची ही मावशी. पन्नाशीची, ठेंगणी, दोन मुलं मुंबईला गिरणीत, घरात एकटी. बोलताना कमरेवर हात. तिनं माझी पिशवी घेतली आणि पहिलाच प्रश्न केला, "कित्याक इलंस गो बाय?"

मी तयारीत होते. म्हटलं, "हवापालटाला. डॉक्टरांनी नदीची हवा सांगितली आहे."

"बरा, बरा," ती म्हणाली. "हवा आमची चांगली आसा."

रात्री तिनं नदीतल्या मासळीची आमटी वाढली. आम्ही मटणाच्या रश्शावर वाढलेली माणसं, हाड दिसतं तरी. काटा कुठे दिसतो? तो घशात जाऊन बसला. काकूनं सुक्या भाताचा मोठा गोळा गिळायला लावला आणि काटा गेल्यावर वर मला शहाणपण शिकवलं: "मासो खाताना गजाली करू नये. आणि इकडे तिकडे बघू नये." गजाली म्हणजे गप्पा. पण बघण्याचं मला लागलं, कारण मी त्या वेळी खिडकीतून शेजारच्यांच्या पडवीत बघत होते.

घाटाच्या पायऱ्या

बांद्याचा जुना बाजार नदीला लागून आहे. तेरेखोलची नदी इथं रुंद आणि संथ वाहते आणि समुद्राची भरती इथवर पोचते. पाणी चढलं की खालून होड्या येतात, उतरलं की काठावर चिखल उघडा पडतो. आमच्या पंचगंगेवर माणूस येतो तो धुण्याला नाहीतर अंघोळीला. इथं नदी म्हणजे रस्ताच. नारळ होडीतून, कौलं होडीतून, नवरी होडीतून, आणि एकदा तर मी होडीतून उतरणारा डॉक्टर बघितला, धोतर गुडघ्यापर्यंत आणि पेटी डोक्यावर.

पहिल्या दिवशी मी घाटाच्या पायऱ्यांवर बसले. जागा चांगली, पण बायकांची एक कळशी भरून होईपर्यंत माझी चौकशी पूर्ण झालेली असायची. खंयसून इलास? कोणाकडे उतरलास? घोव काय करता? लग्न मी केलं नाही, ती वेगळी गोष्ट. सगळ्यांना एकच उत्तर देत राहिले: हवापालट. कोल्हापुरात कुणी असं विचारलं तर मी त्याला तिथल्या तिथे गप्प बसवलं असतं. पण इथं विचारण्यात खोच नाही. विचारतात आणि पुढच्या दारी नेऊन देतात, इतकंच.

पायऱ्यांवरून दुकान मात्र दिसत नव्हतं. चहाच्या हॉटेलातून छान दिसलं असतं, पण तिथं एकट्या बाईनं बसायची सोय नाही. न्हाव्याचं दुकान त्याहून चांगल्या जागी होतं. तिथं तर विचारूच नका! पुरुषांना बसायला जगात किती जागा आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं आणि रागही आला.

बाबल कासार

दुसऱ्या दिवशी जागा सापडली. कापडाच्या दुकानाच्या तिरकस समोर बाबल कासाराचं काकणांचं दुकान आणि बाहेर एक लाकडी बाक. इथं बाईनं बसलं तर कुणाला काही वाटत नाही. फक्त काकणं भरून घ्यावी लागतात. बाबल सत्तरीचा, बोटं लांब आणि मऊ, एक काकण फुटू न देता हातात चढवायचा. "हवा लागता मां, बाई?" असं रोज विचारायचा. परत येईपर्यंत माझ्या दोन्ही हातांत मिळून बावीस बांगड्या झाल्या होत्या.

समोरच्या दुकानात गादीवर एक तरुण बसलेला. गोरा, केस मागे वळवलेले, शर्टाला इस्त्री. ताग्याची घडी एका झटक्यात उलगडायचा. हाच आपला मुलगा, दुसरं कोण? एकुलता एक म्हटल्यावर विचारायचं काय? आणि विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं. मी पदर सावरून नजर लावून बसले.

तीनच्या सुमाराला ऊन थेट बाकावर आलं. छत्री आंबोलीला. मी डोळ्यांवर हात धरून बसले. तेवढ्यात एक माणूस आला, गुडघ्यापर्यंत आखूड धोतर, अंगात साधी बंडी, रंगानं सावळा, आणि त्यानं न विचारता बाबलच्या छपराला गोणपाट लटकवलं. सावली आली, पण समोरचं दुकान गेलं!

"अहो," मी म्हटलं, "ते काढा. मला दिसत नाही."

"ऊन लागता, बाईनू."

"लागू दे."

त्यानं काढलं. दुसऱ्या दिवशी मी येते तर बाक जागेवर नव्हता. तो त्याच माणसानं आंब्याखाली नेऊन ठेवला होता. सावली होती, पण मध्ये बैलगाडी सोडलेली. मी पुन्हा तक्रार केली. तो जरा वेळ बाकाकडे बघत राहिला, मग समोर दुकानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसू दाबल्यासारखं मला वाटलं. मग त्यानं बाक एकट्यानं उचलला आणि आंब्याच्या पलीकडच्या अंगाला, कुंपणाला टेकवून ठेवला. "आता बघा बसान."

मी बसले. काय जागा होती ती! पाठीला कुंपण, डोक्यावर मोहरलेला आंबा, डावीकडे नदी आणि माणसं पलीकडे नेणारी तर, उजवीकडे सगळा बाजार आणि बरोबर समोर दुकानाची गादी. इतकी वर्षं मी जागा शोधते आहे, पण अशी जागा मला स्वतःला सापडली नसती. मी त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत. उद्योग नसलेला माणूस दिसतो, काठावर दिवसभर इकडचं तिकडे करत फिरतो, एवढंच मनात आलं.

बाजाराचा सोमवार

सोमवारी आठवड्याचा बाजार. सकाळपासून होड्या लागत होत्या. कोकम, काजू, मातीची मडकी, कोंबड्या. गोव्याकडून आलेल्या बायका झग्यात, डोक्यावर पाव-बिस्किटांच्या टोपल्या. त्यांचं आणि इथल्या बायकांचं बोलणं सहज चालायचं, फक्त माझ्याशी बोलताना दोघी थांबून शब्द शोधायच्या. मला हसू आलं. वर्षभरापूर्वी परदेश मानलेल्या मुलुखातली माणसं इथं घरची, आणि कोल्हापूरची मी परदेशी.

दुकानात गर्दी होती. डोंगराकडच्या वाडीतली एक म्हातारी आली, वाकलेली, हातात काठी, आणि म्हणाली, "माका दोन वार होया. चोळयेक."

तेव्हा मीटर नुकता आला होता. गादीवरचा तरुण मोठ्यानं हसला. "वार मेलो, म्हातारे! आता मीटर इलो. मीटरात सांग." गिऱ्हाइकं हसली. म्हातारी गोंधळली. "मीटर म्हणजे कितको रे?" तर त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मागून आलेल्या दोघी-तिघींना कापड फाडून दिलं आणि म्हातारी काठीवर भार देऊन उभीच. शेवटी ती पायऱ्या उतरून निघाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुबळं माणूस समोर आलं की कसा वागतो, तेवढं बघ. बघितलं गं पोरी, अगदी उघड्या डोळ्यांनी बघितलं!

आणि नेमका त्याच वेळी तो बाकवाला माणूस माझ्या समोर येऊन उभा राहिला, म्हातारीला घेऊन. काकणं ओवायची सुतळी बाबलकडून मागून घेतली, तिला दोन गाठी मारल्या आणि म्हातारीला दाखवायला लागला, "ह्या गाठीपर्यंत वार. ह्या पुढच्या गाठीपर्यंत मीटर. ही दोरी कनवटीक ठेव, आजये, मगे कोणाक विचारूक नको." त्यानं तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मला समोरचं दुकान दिसेना.

"अहो, जरा बाजूला व्हा ना!" मी खेकसले.

"व्हय, व्हय," म्हणत तो म्हातारीला धरून बाजूला झाला.

संध्याकाळी मी भावाला पत्र लिहिलं: 'बांद्याचा मुलगा दिसायला चांगला, वृत्तीनं हलका. आपल्या सुमनला नको. सांगलीला हो म्हण.' पोस्टाच्या लाल पेटीत टाकलं. पेटीचं झाकण वाजलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं, पण बरं काही वाटेना. सुमनचा चेहरा डोळ्यांपुढे येत राहिला.

लाडू

मंगळवारी सकाळी गोव्याच्या गाडीसाठी पिशवी भरत होते. काकू पेज घेऊन आली आणि म्हणाली, "बाय, गोव्याक जातंस ता बरा. पण त्या माउलेक एकदा तोंड दाखवन जा. लाडू करून वाट बघता ती."

"कोण माउली?"

"कोण म्हणजे? श्रीधराची आवस. तू ज्या झिलाक बघूक इलंस, तेची."

आवस म्हणजे आई, झील म्हणजे मुलगा आणि चेडू म्हणजे मुलगी, एवढं मला कळायला लागलं होतं. मी पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक होया? कोल्हापुरासून बाय येता, नदीची हवा खाता आणि दिसभर कापडाच्या दुकानाकडे बघता. आख्ख्या बाजाराक म्हायत आसा."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तू सांगूक नाय, मगे आमी कशे विचारतलो? तू हवापालट म्हटलंस, आमी हवापालट म्हटला."

अस्सं! पाच दिवस मी गावाला बघत होते आणि गाव मला. तरी मी ताठ राहून म्हटलं, "जाऊन काय करू? मुलगा मी दुकानात बघितला. मला नाही पसंत."

काकूनं कमरेवरचे हात काढले. "दुकानात? दुकानात श्रीधर बसाकच नाय. आवशीन तेका सांगलान, चेडवाकडची बाय घरात येवन पाणी पियत नाय तोपर्यंत तिच्या नजरेसमोर गादयेर बसा नको, ता बरा दिसणा नाय. गादयेर आसा तो वेंगुर्ल्याचो मावसभाव. चार दिसांक बोलावल्यानी."

"मग श्रीधर कुठला?"

"तुझो बाक हलवता, तो कोण मगे?"

पेज तशीच ठेवून मी धावत पोस्टात गेले. मास्तर नुकते कुलूप काढत होते. त्यांना सगळं सांगितलं, पत्र परत मागितलं, अगदी हात जोडले. त्यांनी चष्मा लावला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, पेटीत पडलेलं पत्र ज्याच्या नावाचं त्याचं. ते आता मला देता येणार नाही." मग चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "पण थैली साडेनवाच्या कोल्हापूर गाडयेन जातली. तुमीय तेच गाडयेन जावा. पत्र उद्या घरात जातला, तुमी आज."

गोव्याचा बेत तिथेच मोडला. हातात एक तास होता. मी श्रीधरच्या घरी गेले.

त्याच्या आईनं 'एवढे दिवस का आला नाहीत' असं एका शब्दानं विचारलं नाही. गूळ-पाणी दिलं आणि डबा उघडला. शेव-गुळाचे खटखटे लाडू, पाच दिवस वाट बघून दगड झालेले. मी दाढेनं फोडून खाल्ला. माझी तीच शिक्षा होती. मी पायाचं बोलायला लागले तर म्हणाली, "ता माका म्हायत आसा. हय सगळा जाणा-येणा होडयेन. होडयेत सगळी माणसा बसानच रवतत. चढताना झिल हात दितलो."

तेवढ्यात तो दारात आला. तीच बंडी, तेच धोतर. मान खाली. "आज ऊन नाय मां लागला, बाईनू?"

मी म्हटलं, "मी कोण ते तुम्हाला माहीत होतं. मग सांगितलं का नाहीत?"

"आवशीन सांगलान होता, वळख दिव नको. पण उन्हात बसवा, असा काय सांगूक नाय."

"आणि बाक दुकानासमोर लावून दिलात?"

"तुमका दुकानच बघूचा होता मां," तो म्हणाला, आणि त्याची आई तोंडाला पदर लावून हसली. मीसुद्धा हसले, आणि खोटं कशाला सांगू, डोळे पुसत हसले.

पोत्याशेजारी

गाडीत कंडक्टरनं टपालाची थैली ड्रायव्हरच्या मागे टाकली आणि मी तिच्या शेजारची जागा धरली. आंबोलीचा घाट चढताना ती दर वळणाला माझ्या पायावर लवंडायची. माझंच पत्र आत बसून मला टोचत होतं. आंबोलीला छत्री मिळाली. टपरीवाल्यानं जपून ठेवली होती. आता तिचा उपयोग काय?

संध्याकाळी घरी पोचले. सुमन दारातच उभी होती. चप्पल काढायच्या आत म्हणाली, "आत्या, कसा आहे?"

आणि मला आठवलं की पाच दिवसांत मी त्याला धड बघितलंच नव्हतं. नाक कसं, डोळे कसे, काही सांगता येईना. मी तिला बाकाचं सांगितलं. गोणपाटाचं सांगितलं. सुतळीच्या दोन गाठींचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारीकडून दोनदा म्हणवून घेतलं?"

"दोनदा."

"मग हो," ती म्हणाली आणि आत जाऊन चहा ठेवला. भावानं सांगलीला तार केली. दुसऱ्या दिवशी माझं पत्र आलं, ते सुमननं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या तीन पत्रांच्या खाली तिनं ते ठेवून दिलं.

लग्न वैशाखात झालं. माझा गोवा राहिला तो राहिलाच. पण श्रावणात बांद्याहून सुमनचं पत्र आलं आणि त्याच्या शेवटी लिहिलं होतं:

'आत्या, तुझा बाक अजून कुंपणापाशीच आहे, बाबलकाका कुणाला हलवू देत नाहीत. पाऊस उघडला की संध्याकाळी मी तिथं बसते. नदी दिसते, पलीकडे जाणारी तर दिसते, सगळा बाजार दिसतो. जागा तू म्हणालीस तशीच आहे. फक्त समोरच्या गादीवरचा माणूस सारखा इकडेच बघत असतो, त्यामुळे मला दुसरं कुणी नीट बघताच येत नाही.'